धाग्याचा ताण आणि मनाचा ताण

(आपल्या ज्ञातिसंस्थेच्या यंदाच्या वार्षिक संमेलनात, विद्यार्थी-गुणगौरव समारंभाच्या प्रसंगी एका सेवानिवृत्त शिक्षकाने दिलेले व्याख्यान)



आजच्या गुणगौरवाच्या प्रसंगी मी चार शब्द बोलावेत अशी आज्ञा मंडळाने केली, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. त्यापुढे शिक्षकाची पदविका घेतली, एवढीच माझी विद्या. सदतीस वर्षे प्राथमिक शाळेत मुलांना बाराखडी आणि पाढे शिकविले व निवृत्त झालो. अशा माणसाने मेंदूच्या शास्त्रावर बोलावयास उभे राहावे, हे कित्येकांना धाडसाचे वाटेल. मलाही ते तसेच वाटते. माझी धाकटी कन्या महाविद्यालयात जीवशास्त्र शिकविते. तिने गेले वर्षभर संध्याकाळी मजजवळ बसून या विषयावरील शास्त्रज्ञांचे लेख मला मराठीत समजावून सांगितले. त्यातून जे माझ्या अल्पमतीस कळले तेच आपणांपुढे ठेवीत आहे. परंतु मी आज केवळ माहिती देण्याकरिता उभा नाही. शिक्षक म्हणून मला एक हिशेब चुकता करावयाचा आहे, तो व्याख्यानाच्या ओघात आपणांस कळेल.

आपल्या घरांचा पिढीजात उद्योग शिवणकामाचा. आज आपली मुले डॉक्टर, अभियंते, अधिकारी झाली असली तरी ज्याच्या घरी एकेकाळी शिलाई यंत्र नव्हते असा मनुष्य या सभागृहात क्वचितच सापडेल. त्या यंत्रावर, सुईच्या वर, दोन चकत्यांच्या मधून दोरा जातो आणि एका लहान स्क्रूने तो घट्ट वा सैल करता येतो. आपले कारागीर त्या भागाला ‘टेन्शन’ म्हणतात. हा स्क्रू फार सैल ठेवला तर टाका बसत नाही आणि कापडाच्या खालच्या बाजूस दोऱ्याचे गुंते होतात. फार आवळला तर कापडाला चुण्या पडतात आणि अखेर दोरा तुटतो. आवश्यक तेवढा ताण असेल तरच टीप सरळ व भक्कम येते. माझे वडील म्हणत की, यंत्र चालविणे आठ दिवसांत येते, टेन्शन ओळखण्यास मात्र आठ वर्षे लागतात. पुढे हाच शब्द मनुष्याच्या मनासही लागू झाला आणि आज शाळकरी पोरापासून सत्तरीच्या आजोबांपर्यंत ज्याच्या त्याच्या तोंडी तो ऐकू येतो. माणसाच्या देहात असा काही स्क्रू आहे काय, तो कोण आवळतो आणि फार काळ आवळला गेल्यास नेमके काय तुटते, याचा शोध ज्यांनी घेतला त्यांच्यापैकी एका थोर संशोधकाची ओळख मी आज करून देणार आहे. त्यांचे नाव डॉ. ब्रूस मॅक्युअन.

प्रथम देहात काय घडते ते पाहू. समजा, रात्री शेताच्या बांधावरून जाताना पायाशी साप सळसळला. विचार करण्यापूर्वीच आपण मागे उडी मारतो. छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, तळहात घामेजतात. मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन लहान ग्रंथी आहेत, त्यांना अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. त्यांच्या गाभ्यातून ॲड्रेनलीन नावाचा रस क्षणार्धात रक्तात उतरतो, त्याचा हा परिणाम होय. अशा रसांना शास्त्रात संप्रेरके म्हणतात. त्यामागोमाग दुसरे, अधिक संथ कार्य सुरू होते. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस नावाचा भाग पीयूषिका ग्रंथीस एक रासायनिक निरोप धाडतो, पीयूषिका तो रक्तावाटे अधिवृक्क ग्रंथींकडे पोहोचविते आणि मग त्या ग्रंथींच्या सालीतून कॉर्टिसॉल हे संप्रेरक स्रवू लागते. रक्तातील साखर वाढविणे, शरीरास इंधन पुरविणे, जे काम उद्यावर टाकता येईल ते मागे सारणे, ही कॉर्टिसॉलची कामगिरी.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. कॉर्टिसॉल हे विष नव्हे. ते दररोज पहाटे वाढते, आपणांस अंथरुणातून उठण्याचे बळ देते आणि रात्री उतरते. ज्या रुग्णाच्या ग्रंथी ते निर्माण करू शकत नाहीत त्याचे वर्णन लंडनचे वैद्य थॉमस ॲडिसन यांनी १८५५ साली केले. अशा रुग्णास औषधरूपाने ते न दिल्यास तो जगू शकत नाही. म्हणजे धाग्याला ताण हवाच. प्रश्न आहे तो मर्यादेचा आणि मुदतीचा.

या विषयाचा पाया कॅनडातील मॉन्ट्रियल येथील मॅक्‌गिल विद्यापीठातील हान्स सेल्ये यांनी घातला. १९३६ साली ‘नेचर’ या नियतकालिकात त्यांनी एक लहानसे टिपण प्रसिद्ध केले. उंदरांना थंडी, जखम, अतिश्रम वा विषारी द्रव्य यांपैकी कोणताही त्रास दिला तरी त्यांच्या देहात ठरावीक बदल होतात: अधिवृक्क ग्रंथी फुगतात, रोगप्रतिकाराशी संबंधित ग्रंथी आक्रसतात आणि जठर व आतड्यांत व्रण पडतात, असे त्यांना आढळले. त्रास निरनिराळे, परंतु देहाचे उत्तर एकच. पुढे सेल्ये यांनीच ‘स्ट्रेस’ हा शब्द या अर्थाने रूढ केला. तथापि ताणाचे हे रसायन मेंदूवर काय करते, हे त्या काळी कोणास ठाऊक नव्हते. मेंदू हा हुकूम देणारा आणि देह तो पाळणारा, अशीच सर्वसाधारण समजूत होती.

ती समजूत पालटली १९६८ साली. ब्रूस मॅक्युअन यांचा जन्म १९३८ सालचा, अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातला. शिक्षणाने ते प्रथम रसायनशास्त्राचे विद्यार्थी. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात त्यांनी डॉक्टरेट मिळविली आणि १९६६ साली ते तेथेच संशोधक म्हणून रुजू झाले. २०२० साली त्यांचे निधन झाले, तोपर्यंत त्यांचे काम त्याच संस्थेत चालले होते. त्यांनी व त्यांच्या दोघा सहकाऱ्यांनी ज्यांच्या अधिवृक्क ग्रंथी काढून टाकल्या होत्या असे उंदीर घेतले आणि त्यांना किरणोत्सर्गी खूण केलेले कॉर्टिकोस्टेरॉन टोचले. मनुष्यात जे कार्य कॉर्टिसॉल करते तेच उंदरात कॉर्टिकोस्टेरॉन करते. रंगीत दोरा कापडात कोठे कोठे गेला हे जसे डोळ्यांना दिसते, तसे ती खूण असलेले संप्रेरक मेंदूत कोठे जाऊन बसते हे त्यांनी तपासले. अपेक्षा अशी की ते हायपोथॅलॅमसमध्ये सापडेल. प्रत्यक्षात ते सर्वांत अधिक साठलेले आढळले हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात.

या नावाचा मूळ ग्रीक अर्थ घोडामासा. त्या भागाचा आकार त्या माशासारखा वळलेला आहे, म्हणून हे नाव. कानशिलाच्या आत, डाव्या व उजव्या बाजूस असा एकेक हिप्पोकॅम्पस प्रत्येकाच्या डोक्यात आहे. आणि त्याचे कार्य कोणते? नव्या गोष्टींची आठवण साठविणे, ठिकाण व प्रसंग ध्यानात ठेवणे. म्हणजे शिक्षकाने फळ्यावर लिहिलेले जेथे प्रथम उतरून घेतले जाते ती ही जागा! शिवाय, ‘आता पुरे, कॉर्टिसॉल थांबवा’ असा उलट निरोप देणाऱ्या भागांपैकी हा एक. ज्याच्या हाती लगाम, त्याच्याच अंगावर ताणाचे रसायन जाऊन बसते, असा या शोधाचा अर्थ होता. मेंदू केवळ हुकूम देत नाही. देहातील रसायने उलट मेंदूवर काम करतात, त्याच्या पेशींत शिरतात आणि त्यांचे वर्तन पालटतात. हे कळले तेव्हा मॅक्युअन तीस वर्षांचे होते.

पुढील प्रश्न उघड होता. हे संप्रेरक तेथे जाऊन करते काय? याचे उत्तर मिळण्यास जवळजवळ पंचवीस वर्षे लागली. मॅक्युअन यांच्या प्रयोगशाळेत उंदरांना दररोज सहा तास, असे एकवीस दिवस, हालचाल करता येणार नाही अशा अरुंद जागेत ठेवीत. मार नाही, उपासमार नाही, नुसती कोंडी. त्यानंतर हिप्पोकॅम्पसमधील मज्जापेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. प्रत्येक मज्जापेशीला झाडासारख्या फांद्या असतात आणि त्या फांद्यांवरच दुसऱ्या पेशींकडून येणारे निरोप उतरतात. कोंडलेल्या उंदरांत त्या फांद्या आखूड व विरळ झालेल्या दिसल्या. त्या उंदरांची वाट ध्यानात ठेवण्याची शक्तीही मंदावली होती.

यामागे एकटे कॉर्टिकोस्टेरॉन नव्हते. मेंदूतील पेशी परस्परांशी बोलतात त्या काही रसायनांच्या द्वारे. त्यांपैकी ग्लुटामेट हे पेशींस उत्तेजन देणारे प्रमुख रसायन. ताण चालू राहिला की तेही मर्यादेबाहेर वाढते आणि पेशींना भाजून काढू लागते. १९९२ साली याच प्रयोगशाळेत असे दिसून आले की, अपस्मारावर देतात ते फेनिटॉइन हे औषध उंदरांस आधी दिले तर कोंडी होऊनही फांद्या झडत नाहीत. फेनिटॉइन पेशींचा अतिरिक्त क्षोभ आवरते. तेव्हा संप्रेरक आणि मेंदूतील रसायने यांची जोडी मिळून हे कार्य करते, हे सिद्ध झाले. मॅक्युअन यांनी यावर एक सुंदर विचार मांडला. फांद्या आखडणे म्हणजे पेशीचा मृत्यू नव्हे. कदाचित वादळात होडीचे शीड उतरवावे तसा तो पेशीने स्वतःच्या रक्षणाकरिता केलेला उपाय असेल. कारण कोंडी थांबविल्यावर त्या फांद्या पुन्हा वाढतात आणि हरपलेली स्मरणशक्ती परत येते.

सज्जनहो, हे वाचून मला फार समाधान वाटले. मनात म्हटले, चला, जे बिघडते ते सुधारते. परंतु माझ्या कन्येने दुसरे दोन लेख पुढे ठेविले आणि ते समाधान टिकले नाही. हे लेख आपल्याच देशातले, बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातील डॉ. सुमंत्र चटर्जी व त्यांच्या सहकाऱ्यांचे. मेंदूत हिप्पोकॅम्पसच्या शेजारीच बदामाच्या आकाराचा एक भाग आहे, त्याला अमिग्डाला म्हणतात. भय ओळखणे आणि भयाची आठवण जपणे हे त्याचे काम. २००२ साली या संशोधकांनी दाखवून दिले की, ज्या कोंडीने हिप्पोकॅम्पसमधील फांद्या झडतात त्याच कोंडीने अमिग्डालातील फांद्या वाढतात. एकीकडे आठवणीचे झाड वाळते, दुसरीकडे भयाचे झाड फोफावते. आणि २००४ सालच्या लेखात त्याहून गंभीर गोष्ट निघाली. कोंडी संपवून उंदरांना एकवीस दिवस निर्धास्त राहू दिले, तेव्हा हिप्पोकॅम्पस पूर्ववत झाला. अमिग्डाला मात्र तशीच वाढलेली राहिली आणि त्या उंदरांची भयग्रस्त वागणूकही तशीच राहिली.

हे ऐकले त्या रात्री मला झोप आली नाही. कारण त्यांतील एक उंदीर माझ्या ओळखीचा होता, असे म्हटले तर आपण हसाल. पण ऐका.

१९८४ सालची गोष्ट. मी तेव्हा नव्या उमेदीचा शिक्षक होतो. माझ्या पाचवीच्या वर्गात आपल्याच समाजातील एक मुलगा होता. त्यांच्याच अनुमतीने आज हे सांगत आहे, नाव मात्र सांगत नाही. त्याचे वडील घरीच यंत्र चालवीत आणि हा शेजारी बसून काज-बटणे करी. मी एकदा त्यांच्या घरी गेलो असता दाराबाहेरून ऐकले तर यंत्राच्या तालावर तो सतराचा पाढा घडाघडा म्हणत होता. दुसऱ्या दिवशी वर्गात त्याला फळ्यापाशी उभे केले. सतरा चोक येथे तो अडला. घरी येते आणि येथे येत नाही, म्हणजे हा लबाडी करतो, असे मी ठरविले. हातावर पट्टी दिली. पुढे ते नित्याचेच झाले. दररोज पहिल्या तासाला त्याला उभे करावयाचे, त्याने अडावयाचे आणि मी पट्टी उचलावयाची. मी दुष्ट नव्हतो, बंधूंनो. मला मनापासून वाटे की, धाकाने बुद्धी जागी होते. माझ्या गुरुजींनी मला तसेच शिकविले होते आणि त्या मुलाच्या वडिलांनीही मला सांगितले होते, ‘गुरुजी, हाडे आमची, मांस तुमचे.’ त्या वर्षाअखेर तो मुलगा सातांच्या पाढ्यालाही अडू लागला. आठवीत त्याने शाळा सोडली.

आज त्यांचे स्वतःचे दुकान आहे, हाताखाली सहा कारागीर आहेत. काही वर्षांपूर्वी सदऱ्याचे माप देण्यास मी तेथे गेलो. त्यांनी वाकून नमस्कार केला, चहा मागविला. माझ्या आधी आलेल्या गिऱ्हाईकाचे कापड, अस्तर, शिलाई यांचा हिशेब त्यांनी कागद न घेता तोंडी केला आणि एका पैशाचीही चूक नव्हती. मग माझी पाळी आली. मी सहज विचारले, ‘किती झाले रे?’ ते थबकले. ओठ हलले, आकडा येईना. खणातून गणकयंत्र काढले आणि हसत हसत म्हणाले, ‘गुरुजी, तुम्ही समोर असलात की आकडे पळून जातात बघा.’ तेही हसले, मीही हसलो. परंतु फीत धरलेला त्यांचा हात ओला झाला होता, तो माझ्या खांद्याला लागला. पन्नाशीला आलेला, मुलाबाळांचा, चार माणसांना पोसणारा तो गृहस्थ माझ्यासमोर पाचवीतच उभा होता. घरी पाढा येतो आणि वर्गात येत नाही, यात लबाडी मुळीच नव्हती. आठवण होती, पण भयाने तिची वाट अडविली होती. ती वाट मीच अडविली होती.

उंदरावरून माणसाचा सर्व न्याय लावता येणार नाही, हे मी जाणतो. त्या मुलाचा मेंदू कोणी उघडून पाहिलेला नाही. तथापि माणसांवरही काही तपासण्या झाल्या आहेत, त्यांपैकी दोन सांगतो. २००९ साली कॉनर लिस्टन, मॅक्युअन व बी. जे. केसी यांनी एका मोठ्या परीक्षेची तयारी करणाऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांची तपासणी केली. महिनाभराच्या ताणानंतर त्यांच्या कपाळामागील, विचार व निर्णय करणाऱ्या भागाचे कार्य विस्कळीत झाले होते आणि एका गोष्टीवरून दुसरीवर लक्ष वळविणे त्यांना जड जात होते. परीक्षा होऊन महिना लोटल्यावर ते पूर्ववत झाले. हे सर्व हुशार, निरोगी तरुण होते, हे ध्यानात घ्या. दुसरी तपासणी १९९८ सालची, मॉन्ट्रियलच्या सोनिया लुपियाँ यांची, मॅक्युअनही तीत सहभागी होते. ज्या वृद्धांच्या रक्तातील कॉर्टिसॉल वर्षानुवर्षे वाढत राहिले होते त्यांचा हिप्पोकॅम्पस इतरांच्या मानाने सुमारे १४ टक्के लहान आढळला आणि स्मरणाच्या चाचणीतही ते मागे पडले.

तेव्हा हा विषय केवळ मुलांचा नाही. १९९३ साली मॅक्युअन यांनी एलियट स्टेलर यांच्यासह एक कल्पना मांडली. संकट आले की देह स्वतःस सावरून घेतो, आणि या सावरण्याचीही एक किंमत असते. संकट एकदा येऊन गेले तर ती किंमत सहज भरून निघते. पण संकट पुनःपुन्हा आले, अथवा सरून गेले तरी मनात चालूच राहिले, तर ती किंमत व्याजासारखी साठत जाते. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, खिन्नता यांच्या मुळाशी हे साठलेले व्याज असू शकते. आपल्या घरांना हे समजावून सांगावयास नको. मुलीच्या लग्नाचे कर्ज फेडीत रात्री दोन वाजता आढ्याकडे पाहत पडलेला बाप आपण पाहिला आहे. सासरी दिवसभर पायरव ऐकत धास्तीत वावरणारी सून पाहिली आहे. हंगाम गेला, मागणी तयार कपड्यांच्या दुकानांकडे वळली, यंत्र झाकून ठेवावे लागले आणि घरी कोणास सांगवेना, असा कारागीर पाहिला आहे. आपण म्हणतो, ‘फार विचार करतो, त्याचा स्वभावच तसा.’ तो स्वभाव नव्हे. रात्री जे संप्रेरक उतरावे ते उतरत नाही. तो मनुष्य दुबळाही नव्हे आणि वेडाही नव्हे. त्यास डॉक्टराकडे नेण्यात कोणतीही अप्रतिष्ठा नाही. मधुमेहाला औषध घेतो तसे मनाच्या आजारालाही घ्यावे, आणि ते तज्ज्ञाच्या सल्ल्यानेच घ्यावे, अंगारे-धुपारे करीत वेळ दवडू नये.

मग उपाय काय? या शास्त्रज्ञांनी सांगितलेले उपाय ऐकून आपणांस आश्चर्य वाटेल, कारण त्यांत नवे असे फारच थोडे आहे. पुरेशी झोप. दररोज चालणे. आणि आपल्या माणसांचा आधार. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाशी निगडित बालविकासविषयक एक शास्त्रज्ञमंडळ आहे, मॅक्युअन त्याचे सभासद होते. या मंडळाने मुलांवरील ताणाचे तीन प्रकार सांगितले: हितकर, सुसह्य आणि विषारी. पहिल्या दिवशी शाळेत जाण्याची धाकधूक हितकर. आप्ताचा मृत्यू, आजारपण, अपघात हे मोठे आघात, पण शेजारी विश्वासाचे वडीलधारे माणूस असेल तर ते सुसह्य होतात. आणि तोच आघात, तीच गरिबी, तोच धाक दीर्घकाळ एकट्याने सोसावा लागला की तो विषारी होतो. म्हणजे आघाताचा आकार जितका महत्त्वाचा, तितकेच जवळ कोण आहे हेही महत्त्वाचे. एक माणूस पुरते, बंधुभगिनींनो! वर्गात ते माणूस मी होऊ शकलो असतो. मी झालो नाही.

सरकारने आता कायदा केला आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली संमत झाला, १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला, आणि त्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंस बंदी केली. पुन्हा सतराच! हा आकडा मला सोडीत नाही. पण कायद्याने पट्टी गेली, धाक गेला नाही. तो शाळेतून निघून घरी येऊन बसला आहे. ‘अमक्याच्या मुलाला ब्याण्णव टक्के, तुला का नाहीत?’ हे वाक्य पट्टीहून हलके आहे असे कोणी समजू नये. पट्टीचा वळ संध्याकाळपर्यंत मावळे, हे वाक्य मुलाच्या उशाशी रात्रभर जागे राहते.

याचा अर्थ मुलांना मोकाट सोडावे असा कृपा करून घेऊ नका. शिस्त हवी, अभ्यास हवा, परीक्षाही हवी. सैल दोऱ्याने टीप बसत नाही, हे मी आरंभीच सांगितले. परंतु कुशल कारागीर कापड पाहून टेन्शन ठरवितो. मलमलीला एक, जाड खादीला दुसरे. आणि काम संपले की दाबपट्टी वर उचलून दोरा मोकळा करतो. आपण मुलांच्या बाबतीत दाबपट्टी उचलण्यास विसरतो.

आता शेवटची गोष्ट, आणि ती मंडळास उद्देशून आहे. आज या व्यासपीठावर ज्या मुलामुलींचा सत्कार झाला त्यांचे मी मनःपूर्वक अभिनंदन करतो. त्यांच्या श्रमांचे चीज झालेच पाहिजे. आपल्या स्मरणिकेत दरवर्षी त्यांची नावे गुणांसह छापून येतात, तेही योग्यच. पण ज्यांची नावे त्या यादीत नाहीत तेही आपलीच मुले आहेत आणि आज कित्येक घरी ती आजारपणाचे निमित्त करून मागे राहिली आहेत. माझी दोन नम्र निवेदने आहेत. पहिले असे की, शालान्त व बारावीच्या निकालाच्या आठवड्यात मंडळाने प्रत्येक विभागात दोन जाणती माणसे नेमावीत, त्यांत एक भगिनी असावी, आणि ज्या घरी मुलास अपयश आले असेल तेथे त्यांनी जावे. उपदेश करू नये, चहा घ्यावा, मुलाशी बोलावे आणि पुढील वाट कोणती ते सांगून यावे. त्या आठवड्यात मी स्वतः हे काम करण्यास तयार आहे. माझे पाय अजून चालतात. दुसरे निवेदन असे की, गुणवंतांच्या शिष्यवृत्तीइतकीच रक्कम, एकदा अनुत्तीर्ण होऊन पुन्हा परीक्षेस बसणाऱ्या विद्यार्थ्याच्या शुल्कासाठी राखून ठेवावी. या निधीचा आरंभ म्हणून माझ्या निवृत्तिवेतनातील एक महिन्याची रक्कम मी आज कोषाध्यक्षांच्या स्वाधीन करीत आहे. यात दातृत्व काही नाही. हे देणे आहे, आणि ते चाळीस वर्षे थकले आहे.

मघा ज्यांच्याविषयी सांगितले ते गृहस्थ आज सभागृहात आहेत. हे व्याख्यान लिहून झाल्यावर मी ते प्रथम त्यांच्या दुकानी जाऊन त्यांना वाचून दाखविले आणि क्षमा मागितली. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘गुरुजी, सांगा सगळ्यांना. फक्त एवढे जोडा, की माझ्या मुलाला मी पाढे यंत्राजवळ बसवूनच शिकविले.’ त्यांचे शब्द मी जोडले आहेत.

विद्यार्थिमित्रहो, ज्यांना आज बक्षीस मिळाले त्यांनी घरी जाताना आपल्या शेजारच्या एखाद्या मागे राहिलेल्या मित्राकडे जावे आणि पेढ्यातील अर्धा त्याला द्यावा. पालकहो, आज रात्री मुलाला गुण विचारू नका, झोप आली का ते विचारा.